मिक्सर लावू नका

आमचा लॅपटॉप २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, गरगर फिरणारी हार्ड डिस्क आणि नावापुरती बॅटरी. वायर निघाली की हा जागच्या जागी देह ठेवतो. पंखा घरघंटीसारखा वाजतो. तरी चालतो, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझा सगळा कारभार त्याच्यावरच चालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपची भानगड. आमच्याकडे चारच पिढ्या. खानदान इतकं तोकडं म्हटल्यावर बोलणी पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

"अहो, चालतोय ना तो? मग कशाला हात लावताय?" बायको म्हणाली. गीझर आणि माझा गुडघा यांच्या बाबतीतही तिचं हेच धोरण आहे, आणि खरं सांगायचं तर ते आजवर चुकलेलं नाही.

पण इंजिनीअरिंगला असलेला भाचा पेनड्राइव्ह घेऊन हजर झाला. "मामा, विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स मिंट टाकू. दोन जीबी रॅमवरसुद्धा चालतं. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर आई आतून बाहेर आली. "काय आहे रे?"

"मिंट, आजी. २२.२. या आवृत्तीचं नाव झारा." दर आवृत्तीला ते लोक एखाद्या बाईचं नाव देतात म्हणे.

"झारा फुकट? मग कढई पण बघ मिळते का."

गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते, म्हणून रविवार ठरला. आधी बॅकअप. त्यात घरातली माणसं कळतात. बायकोला प्रत्येक गणपतीचे सगळे फोटो हवे होते, त्यातले निम्मे तर नुसत्या मोदकांचे. मग लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा म्हणून तो चालू होताना एफ १२ दाबायचं. कंपनीचं बोधचिन्ह दिसून नाहीसं व्हायच्या आत ते जमलं पाहिजे. एरवी कूर्मगतीने उघडणाऱ्या या यंत्राने नेमकी तेवढीच पायरी विजेच्या वेगाने उरकली. भाच्याने शेवटी ते बटण आधीपासूनच बडवायला घेतलं.

पुढे पडद्यावर विचारणा आली, डिस्क पूर्ण पुसून मिंट बसवू का? मी चष्मा शोधेपर्यंत भाच्याने होकार देऊनही टाकला. या पिढीची लग्नंही अशीच ठरणार.

आता खरी जोखीम. बॅटरी मेलेली, डिस्क पुसलेली, आणि आमच्या घरात गीझर चालू असताना मिक्सर लावला की एमसीबी पडतो. मी फर्मान काढलं: गीझर बंद, इस्त्री बंद, मिक्सर लावायचा नाही.

"चटणी?"

"थोडा वेळ थांब."

बायको थांबली नाही. तिने गॅलरीतून पाटा-वरवंटा आत आणला, धुतला आणि खोबरं वाटायला बसली. पाट्यावरच्या वाटणाचा आवाज इतका बोलका असतो हे मला माहीत नव्हतं. पडद्यावरची पट्टी सरकत होती, वरवंटा सरकत होता, आणि मधे मी. चटणी आधी झाली.

मिंटही झालं. प्रिंटर त्याने न सांगता ओळखला, याचं कौतुक करावंच लागेल. सुरू व्हायला मात्र अजून वेळच लागतो, कारण डिस्क जुनीच. "मामा, एसएसडी टाका, न फिरणारी वेगवान डिस्क," भाचा म्हणाला. फुकटातलं हे पहिलं बिल.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. मी पार्किंगच्या २०१७ च्या ठरावाची फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांची नुसती भेळ. युनिकोडच्या आधीच्या वळणाच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप चढवणाऱ्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो. फॉन्ट नाही म्हणजे मराठी नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर वर्षानुवर्षं जिन्याखाली असते. ते पुढे वाकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि प्रसन्न झाले. "फार छान झालंय हे. पूर्वीच करायला हवं होतं."

भाच्याला फोन लावला. बॅकअपमधली फॉन्टची फाइल उघडायची, इन्स्टॉल म्हणायचं, संपलं. ठराव क्रमांक चार शुद्ध मराठीत झळकला: जिन्याखाली वाहन लावू नये. खाली काकांचीच सही.

"या फुकटच्या गोष्टींचं असंच असतं," काका म्हणाले आणि चहा न घेता उठले.