‘टीडीएस पूर्ण परत’ म्हणणाऱ्याला आयकराचा पासवर्ड देऊ नका

रिटर्न भरायचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हटकून फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: पगारदारांनी आयकर रिटर्न स्वतः भरू नये, स्वतः भरलं की नोटीस येते. आमचा माणूस फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) नसलेल्या वजावटी लावून टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला कर, पूर्ण परत आणतो. कागदपत्रं लागत नाहीत. फी आधी द्यायची नाही, रिफंड जमा झाला की त्याच्या १० टक्के द्या. पुढे काही झालंच तर आम्ही बघून घेऊ. फक्त पॅन, आयकर पोर्टलचा पासवर्ड आणि आधारवर येणारा ओटीपी पाठवा.

हा मेसेज आता माझ्या धाकट्या बहिणीच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलाय आणि तिथल्या काहींनी पासवर्ड देऊनही टाकलेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहायला बसावं लागलं.

सगळ्यात घातक मुद्दा आधी: टीडीएस पूर्ण परत.

रिफंड ही साधी वजाबाकी आहे. तुमच्या नावावर जमा झालेला कर, उणे कायद्याने लागणारा कर. पहिला आकडा फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, आलेला असतो, तो कोणीही एजंट वाढवू शकत नाही. दुसरा कमी करायचे मार्ग मोजकेच. जुन्या आणि नव्या करप्रणालीतली तुमच्यासाठी स्वस्त असलेली निवडायची, कंपनीला सांगायची राहून गेलेली खरी वजावट दाखवायची, नाहीतर न झालेला खर्च झाला म्हणून लिहायचा. पहिल्या मार्गाने पगारदाराचा पूर्ण टीडीएस सहसा परत येत नाही. दुसऱ्यासाठी तुमचा विमा किती, कर्ज किती, भाडं किती हे विचारावं लागतं. हे काहीच न विचारता जो ‘पूर्ण परत’चं आश्वासन देतो, तो तिसऱ्याच मार्गाने जाणार.

हिशोब करून बघू. आर्थिक वर्ष २०२४-२५, पगार १० लाख, कंपनीने जुन्या करप्रणालीने टीडीएस कापला. प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) ५०,०००, कलम ८०सीची (पीएफ, विमा वगैरे) खरी गुंतवणूक १,५०,०००. करपात्र उत्पन्न ८ लाख. त्यावर कर ७२,५००, ४ टक्के उपकर धरून ७५,४०० रुपये, आणि तेवढाच टीडीएस कापलेला. हा कर शून्यावर आणायचा तर करपात्र उत्पन्न ५ लाखांवर आणावं लागतं, कारण जुन्या प्रणालीत तिथे कलम ८७एची सूट सगळा कर माफ करते. म्हणजे ३ लाखांची वजावट कुठून तरी पैदा करायची. मग एजंट काय भरतो? ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला देणगी २ लाख, ८०ईखाली शैक्षणिक कर्जाचं व्याज ६०,०००, ८०डीडीबीखाली गंभीर आजारावरचा खर्च ४०,०००. झाले ३ लाख. तुम्ही पक्षाला रुपया दिलेला नाही, कर्ज नाही, घरात कोणी आजारी नाही, आणि रिटर्न मात्र तुमच्या नावाने गेलं.

पकडलं गेल्यावर काय होतं तेही याच आकड्यांत पाहा. ७५,४०० परत भरायचे. जास्तीचा रिफंड घेतला म्हणून त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज. आणि हे नुसतं उत्पन्न कमी दाखवणं नाही, चुकीची माहिती देणं आहे, म्हणून कलम २७०एखाली त्या कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे सुमारे दीड लाख. एजंटला दिलेले ७,५४० तर गेलेच.

आता याच माणसाचा नव्या करप्रणालीतला हिशोब. ८०सी पूर्ण सोडून द्या, फक्त ७५,०००ची प्रमाणित वजावट घ्या. करपात्र ९,२५,०००, कर उपकरासह ४४,२००. म्हणजे ३१,२०० रुपये त्याला कायदेशीरपणे परत मिळत होते, तेही कुठलंही खोटं न लिहिता. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना दरवर्षी प्रणाली निवडता येते. कंपनीने वर्षभर कुठल्या प्रणालीने टीडीएस कापला, याचं बंधन नाही. नव्या प्रणालीत बहुतेक वजावटी नाहीतच, त्यामुळे खोट्या वजावटींवर जगणारा एजंट तुम्हाला ती सुचवत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. जे हक्काचं होतं ते सांगायचं नाही आणि गुन्हा मात्र गळ्यात मारायचा.

हे पकडलं जात नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याला आयकर विभागाचं १४ जुलै २०२५ चं निवेदन वाचायला द्या. त्या दिवशी विभागाने देशभरात १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई सुरू केली, आणि तिचा रोख खोट्या वजावटी भरून देणाऱ्या अशाच मध्यस्थांवर होता. महाराष्ट्राचं नाव त्यात आहे. कमिशनच्या बदल्यात फुगवलेल्या रिफंडचं आमिष, ८०जीजीसी, ८०ई, ८०डी (आरोग्य विमा), ८०जी (धर्मादाय देणगी), ८०डीडीबी आणि घरभाडे भत्त्याची सूट यांचा गैरवापर, सगळं त्यात नमूद आहे. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असंही त्यात म्हटलंय. खोटे दावे करणाऱ्यांत बहुराष्ट्रीय कंपन्यांतले, सरकारी संस्थांतले, शिक्षण क्षेत्रातले लोक होते. म्हणजे शिकलेलेच.

‘रिफंड खात्यात जमा झाला म्हणजे विभागाने मान्य केलं’ हाही याच मेसेजच्या पोटातला गैरसमज. कलम १४३(१)खालची पहिली प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रात संगणक करतो. बेरीज जुळते का, टीडीएस जुळतो का, ठळक विसंगती आहे का, एवढंच तिथे पाहिलं जातं. देणगीची पावती कोणी उघडून बघत नाही. ती विचारायला विभागाकडे पुढे वेळ असतो. फेरनिर्धारणाची, म्हणजे कर पुन्हा ठरवण्याची, नोटीस साधारणपणे आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते, मोठ्या रकमांसाठी त्याहूनही उशिरा. (इथले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदललेत.)

कागदपत्रं लागत नाहीत, यात अर्धं सत्य आहे हे मान्य करावं लागेल. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, हे खरं. पण जोडायचे नसतात म्हणजे असायचे नसतात, असं नव्हे. शिवाय आकारणी वर्ष २०२५-२६ पासून फॉर्मच तपशील मागतो: ८०सीसाठी पॉलिसी किंवा खात्याचा क्रमांक, ८०डीसाठी विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, ८०ईसाठी कर्ज देणारी बँक आणि कर्जखातं. ८०जीजीसीसाठी देणगीची तारीख आणि बँक व्यवहाराचा संदर्भ द्यावा लागतो, रोख देणगी मुळात चालतच नाही. एजंट तिथे काहीतरी क्रमांक ठोकून देतो. तो खोटा क्रमांक मग तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

जबाबदारी आमची? कायद्यात असं काही नाही. रिटर्नच्या शेवटी प्रतिज्ञापन असतं: दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. आधारवर येणारा ओटीपी ही त्याखालची तुमची सही. खोट्या प्रतिज्ञापनासाठी कलम २७७ तुम्हाला लागतं. खोटं भरायला मदत करणाऱ्यासाठी कलम २७८ आहे, म्हणजे एजंटही अडकू शकतो, पण त्याने तुमचा दंड रुपयानेही कमी होत नाही. आणि नोटीस आलीच तर ती कळणार कोणाला? वरच्या निवेदनातच आहे की हे लोक ढिगाने रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढतात आणि मग सोडून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचता तशाच पडून राहतात. उत्तराची मुदत उलटून जाते आणि करदात्याला पत्ताच नसतो.

फी टक्केवारीने, याबद्दल थोडक्यात. करदात्याच्या रिफंडवर टक्केवारीने फी घेणं सीएला, म्हणजे सनदी लेखापालाला, मना आहे. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ प्रमाणे ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. तेव्हा १० टक्के मागणारा माणूस एकतर सीए नाही, नाहीतर स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडतोय.

राहिला नोटिशीचा बागुलबुवा. रिटर्न कोणी भरलं यावरून नोटीस निघत नाही, आकडे जुळले नाहीत की निघते. शिवाय बरेच जण १४३(१)ची सूचना आली तरी नोटीस समजून घाबरतात. ती प्रत्येकाला येते, त्यात तुमचा हिशोब आणि विभागाचा हिशोब शेजारी-शेजारी असतो. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. दोन्ही रकाने सारखे असतील तर विषय संपला.

पगारदाराचे आकडे न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, मुदत ठेवींचं व्याज. बँक १० टक्के कापते आणि लोक समजतात कर भरून झाला. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि व्याज ८०,००० असेल तर कर उपकरासह २४,९६० होतो, कापलेले असतात ८,०००. उरलेले १६,९६० तुम्हीच भरायचे. दुसरं, वर्षात नोकरी बदलली. दोन्ही कंपन्या आपापल्या परीने प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा धरून टीडीएस कापतात, त्यामुळे दोन फॉर्म १६ एकत्र केले की कर निघतोच. तिसरं, म्युच्युअल फंड एका योजनेतून दुसऱ्या योजनेत वळवणं. पैसा हातात आला नाही तरी कायद्याने ती विक्री आहे.

यावर उपाय एकच: रिटर्न उघडण्याआधी पोर्टलवरून एआयएस (वार्षिक माहिती विवरण) उतरवून घ्या. व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची विक्री, सगळं त्यात येतं. बँकेच्या उताऱ्याशी एकेक ओळ ताडून बघा. चुकीची नोंद असेल तर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो. कर भरायचा निघाला तर ‘ई-पे टॅक्स’मध्ये स्वयंनिर्धारण कर, म्हणजे क्रमांक ३००, निवडा आणि आकारणी वर्ष दोनदा तपासा. २०२४-२५ च्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष २०२५-२६. इथे चुकलं की पैसे भरलेले असूनही मागणीपत्र येतं. बँक खातं आधी प्रमाणित करून ठेवा, नाहीतर रिफंड अडकतो. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीतच भरा, उशिराच्या रिटर्नमध्ये ती मिळत नाही. आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

एक पगार, एक घर, बँकेचं व्याज, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत: एवढंच असेल तर आयटीआर-१ ‘सहज’ पुरतो, पोर्टल एक रुपया घेत नाही आणि बरीचशी माहिती आधीच भरून आलेली असते.

पण मेसेजमधली एक गोष्ट पूर्ण खोटी नाही. काहींनी खरोखरच स्वतः भरू नये. फ्युचर्स-ऑप्शन्स करत असाल तर ते व्यवसायाचं उत्पन्न, आयटीआर-३ लागतो आणि तोटा पुढे ओढायचा तर मुदत पाळावी लागते. कंपनीने परदेशी शेअर दिले असतील तर परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, तेही आर्थिक वर्षाने नव्हे तर कॅलेंडर वर्षाने, आणि ते चुकलं तर काळ्या पैशाविरोधी कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. घर किंवा जमीन विकली, वर्षभरात अनिवासी झालात, जुन्या वर्षाची छाननी सुरू आहे: सीएकडे जा आणि त्याची फी आनंदाने द्या. ती फी डोक्याच्या कामाची आहे, रिफंडच्या आकड्याची नाही. त्याच्याकडेही प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच राहील हे बघा, रिटर्न दाखल करण्याआधी मसुदा आणि उत्पन्नाची गणना मागून वाचा, ओटीपी त्यानंतरच द्या.

ज्यांनी पासवर्ड आधीच दिलाय त्यांनी आजच लॉगिन करून पासवर्ड बदलावा आणि प्रोफाइलमधला ईमेल, मोबाइल, बँक खातं तपासावं. लॉगिन होत नसेल तर ‘पासवर्ड विसरलात’मधून आधार ओटीपीने नवा घेता येतो. मग मागच्या तीन-चार वर्षांची दाखल झालेली रिटर्नं उतरवून प्रकरण सहा-अच्या (८०सी, ८०डी वगैरे) वजावटींचं पान उघडा. ओळखीची नसलेली एकही ओळ दिसली तर, सुधारित रिटर्नची मुदत बाकी असल्यास ते भरून दावा मागे घ्या, मूळ कर आणि व्याजाच्या वर जादा कर लागत नाही. ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. आकारणी वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, २४ महिन्यांत ५० टक्के, पुढे ६० आणि ७०, चार वर्षांपर्यंत. वरच्या उदाहरणात २५ टक्के म्हणजे १८,८५० आणि व्याजावरची थोडी भर. दीड लाखाच्या दंडापुढे हे परवडतं, फक्त विभागाची कारवाई सुरू व्हायच्या आत भरा.