गुलाब यादीत का नाही : 'मातीतला माणूस' यांना उत्तर

मागच्या आठवड्यात 'फुलदाणीसाठी घरच्या घरी काय लावावं' हा लेख टाकला, त्यावर 'मातीतला माणूस' या नावानं एक प्रतिक्रिया आलीय. एरवी मी दोन ओळींत धन्यवाद म्हणते आणि विषय संपतो, पण ही वाचून सकाळी चहा उतू गेला, गॅस पुसताना परत डोक्यात तेच, म्हणून आता बसून लिहितेच. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आहे तशी देते:

"मॅडम... गुलाब नसलेली कट फ्लॉवरची यादी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मातीत हात घातलाय का कधी, की नुसते फोटो? आपल्याकडच्या पावसात निशिगंधाचे कंद कुजतात ते सांगायला विसरलात. ॲस्टर दोन फुटांवर कोण लावतं? ग्लॅडिओलसचा खर्च पण सांगा की गरिबांना. आणि शेवंतीचा फोटो मार्केटमधला वाटतोय. चालू द्या."

पहिल्यांदा त्या 'मॅडम'च्या पुढच्या तीन टिंबांचं बोलू. आमच्या बेळगावात अनोळखी बाईला ताई म्हणतात, वैनी म्हणतात, कन्नड माणूस असला तर अक्का म्हणतो. मॅडम बँकेत म्हणतात, आणि ते पण टिंबं न देता. आणि शेवटी 'चालू द्या' म्हणजे काय हो? मी काय तुमच्या परवानगीनं चालवत होते? मुद्दा काढा की, कोण नको म्हणतंय, चूक दाखवा, पण बोलायची एक पद्धत असते. वर त्या प्रतिक्रियेला चार जणांनी अंगठे दिलेत, त्यात एक माझी सख्खी मावसबहीण आहे, तिच्याशी वेगळं बोलेन.

आता चूक असेल तिथं चूक म्हणायला मला लाज नाही. ॲस्टर दोन फुटांवर नाही, एक फुटावर लावतात. मी एक फूटच लिहिणार होते, टाइप करताना घोळ झाला, दुरुस्त केलंय. बघितलंत? झालं. एका वाक्यात. यासाठी 'कोण लावतं?' असं विचारायची गरज नव्हती.

तर मातीत हात.

साहेब, माझं माहेर सांबऱ्याच्या बाजूचं. बाबांची बारा गुंठे गुलछडी होती, म्हणजे निशिगंधच, तुम्हाला माहीत असेल, मार्केटात कन्नड बायका त्याला सुगंधराज म्हणतात. पहाटे चारला बाबा उठवायचे, आम्ही दोघी बहिणी टॉर्च घेऊन सरीत, कारण ऊन वर आलं की कळी उमलते आणि उमललेल्या कळीला हारवाला भाव देत नाही. सुट्ट्या कळ्या वेगळ्या, दांडे वेगळे. दांडे ओल्या तरटात गुंडाळून बाबा सायकलच्या कॅरियरला बांधायचे आणि दहा-बारा किलोमीटर सायकल मारत बेळगावला. उरलेल्याचे हार आई केळीच्या सोपटानं बांधायची, दोऱ्यानं नाही, सोपट भिजवून चिरून, ते बोटाला कापत नाही म्हणून. दहावीच्या परीक्षेला माझ्या बोटांना निशिगंधाचा वास येत होता, शेजारच्या बाकावरची म्हणाली अत्तर लावून आलीस काय गं. नखांतली माती तर निघायचीच नाही, लग्नात मेंदीवाली म्हणाली हे आधी घासून या.

आणि मला विचारतात हात घातलाय का.

आता अनगोळात घर आहे, मागं साधारण दहा बाय बारा फुटांचा तुकडा, त्यात मी गेली अकरा वर्षं फुलं काढतेय, विकायला नाही, घरातल्या दोन फुलदाण्या, देवाला, आणि कुणाकडं जायचं असलं तर हातात न्यायला. दहा बाय बारा हा आकडा लक्षात ठेवा, कारण गुलाबाचं सगळं तिथंच येऊन अडतंय.

२०१६ साली मी गुलाब लावले होते. चार. ग्लॅडिएटर जातीचे, कारण ती उघड्यावर येते, लांब दांड्याची, शेतकरी पण लावतात असं सगळ्यांनी सांगितलं म्हणून एका नर्सरीतून आणले. एकाचं कलम पहिल्याच वर्षी मेलं आणि ते ज्यावर बांधलं होतं तो खालचा रानगुलाब फुटला, तो मी सहा महिने कौतुकानं वाढवला, वा काय जोर धरलाय म्हणून, नंतर कळलं. उरले तीन. थंडीत छान आले, खोटं कशाला बोलू, जानेवारीत तर तळहाताएवढं फूल. पण जून लागला की पानावर काळे ठिपके, पंधरा दिवसांत झाड उघडं, फांद्या शेंड्याकडनं काळ्या पडत खाली यायच्या. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पानं कोरडी कधी राहतात सांगा बघू? दर आठवड्याला फवारणी करा म्हणे. घरच्या फुलदाणीसाठी, जिथं नातू हुंगायला नाक खुपसतो तिथं, मी आठवड्याला औषध मारत बसू?

बरं ते पण सोडा. कापायच्या फुलाला दांडा लागतो. गुलाबाचा दीड फूट दांडा काढला तर घरच्या झुडपाची अर्धी पानं त्याच्याबरोबर जातात, मग ते झाड परत फुटून कळी धरून फूल द्यायला सहा-सात आठवडे घेतं. पानं वाचवायची म्हणून आखूड कापलं तर वीतभर दांडा, तो फुलदाणीत बुडतो, वाटीत ठेवावा लागतो. दुकानात जो सरळसोट काठीसारखा गुलाब मिळतो तो पॉलिहाऊसमधला, तळेगावकडचा, ताजमहाल, फर्स्ट रेड वगैरे जातींचा, त्याचं खतपाणी ठिबकनं मोजून जातं, कळीला जाळीची टोपी घालतात. त्याची बरोबरी माझ्या मागच्या अंगणानं करायची का?

आणि जागा. एक गुलाब दोन फूट बाय दोन फूट खातो, बारा महिने. तेवढ्याच जागेत मी ॲस्टरची चार रोपं लावते (एक फुटावर, बघा, शिकले), ती निघाली की झिनिया, म्हणजे वर्षाला दोन पिकं. झिनिया तर अशी की जितकी कापाल तितकी फुटते, फक्त कापायची घाई करायची नाही, कारण झाडावर जेवढी उमललीय तेवढीच, पाण्यात ठेवल्यावर पुढं उमलत नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरून हलवायचा. फूल मान टाकून डुलत असलं तर कच्चं आहे, ठेवा. दांड्यासकट ताठ हललं तर सिकेटर चालवा. हे मला कुठल्या फोटोनं शिकवलं नाही, पहिल्या वर्षी तीस-एक फुलं पाण्यात मान टाकून मेली तेव्हा कळलं.

तर यादीत गुलाब नाही तो विसरले म्हणून नाही. लावून, तीन वर्षं सोसून, उपटून मग नाही. यादी 'सुंदर फुलं कुठली' याची नव्हती, 'कापायला काय लावावं' याची होती, शीर्षक तरी वाचायचं.

फोटोचं. हो, शेवंतीचा फोटो मार्केटमधून आणलेल्या फुलांचा आहे. दसऱ्याला आणली होती, पितळी तांब्यात छान दिसली, काढला. लेखात कुठं लिहिलंय की ही माझ्या वाफ्यातली म्हणून? पण तुम्ही विचारलंतच तर ऐका, माझी का नव्हती ते. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होत जातात, रात्र लांबते, तेव्हा तिला कळ्या धरायची बुद्धी होते, म्हणून ती पावसाळा संपल्यावर येते. गेल्या वर्षी आमच्या गेटसमोर खांबावर नवा एलईडी दिवा लागला, पांढराफेक, अगदी वाफ्याच्या त्या टोकावर उजेड. घराच्या सावलीतली ओळ नोव्हेंबरमध्ये भरून आली, आणि दिव्याकडची ओळ, तीच काडी, तेच खत, डिसेंबर उजाडला तरी नुसती हिरवीगार, गुडघ्याच्या वर गेलेली, कळीचा पत्ता नाही. तिची रात्रच होत नव्हती ना. शेजारच्या कन्नड आजी म्हणाल्या सेवंतिगेला दृष्ट लागली, मिरच्या ओवाळ. मी जुनी तरटं शिवून पडदा केला, गणपती झाल्यापासनं रोज संध्याकाळी सहाला टाकायचा, सकाळी काढायचा. यंदा दोन्ही ओळी बरोबर आल्या, पण दसऱ्यानंतर, दिवाळीच्या पुढं, आणि लेखाला फोटो आधी हवा होता. तर तुम्हाला 'वाटतोय' ते बरोबर वाटतंय, पण त्यावरून 'नुसते फोटो' हे कुठनं आलं?

ग्लॅडिओलसच्या खर्चाचं मी काय सांगू, तुमच्या खिशाला विचारा. दहा कंद घ्या, शंभर घ्या. दांडा कापताना खाली चार पानं ठेवलीत तर कंद पोसतो, बाजूला पिल्लं धरतात, पुढच्या वर्षी कंद विकत घ्यायला नको. 'गरिबांना' हा शब्द मात्र आवडला नाही. बारा गुंठ्यांवर दोन पोरी शिकवलेल्या माणसाची मी मुलगी आहे, गरिबी मला प्रतिक्रियेतून कळायला नको.

राहिले निशिगंधाचे कंद. यावर मी खरं तर बोलणार नव्हते कारण लेखात 'पाण्याचा निचरा होणारी जागा' हे शब्द आहेत, तिसऱ्या परिच्छेदात, त्यात सगळं आलं. आता बेळगाव म्हणजे तरी कुठलं? कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगवते, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात अथणीला ५००-६००. खानापूरकडं तांबडी माती, चिकोडी-निपाणीकडं काळी. प्रत्येकाच्या वाफ्याचा हिशेब मी मांडायचा का? काळ्या मातीत पाणी साचतं हे शेंबड्या पोराला कळतं.

होय, माझे पण कुजलेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा जिल्हाभर पूर आला, तेव्हा माझा वाफा सपाट होता आणि आठ दिवस त्यात पाणी उभं होतं. उकरले तेव्हा प्रज्वल जातीच्या निशिगंधाचे साठातले सात कंद हाताला घट्ट लागले, बाकीचे बोट लावलं की पिठल्यासारखे, आणि तो वास, निशिगंधाचाच कंद पण वास कसला, दोन दिवस त्या हातानं जेवण गेलं नाही. (प्रज्वल म्हणजे हेसरघट्ट्याच्या फलोत्पादन संशोधन संस्थेनं काढलेली एकेरी जात, कळीला किंचित गुलाबी झाक. डबल जातीचा दांडा भारदस्त दिसतो पण वरच्या कळ्या फुलदाणीत उमलतीलच असं नाही, घरासाठी मी एकेरीच सांगेन.) त्यानंतर मी गादीवाफे केले, नऊ इंच उंच, कडेनं विटा, खाली जांभ्याचे तुकडे, मधनं चर काढून पाणी थेट गटारीत. तेव्हापासून एक कंद गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल हे लेखात का नाही लिहिलं. लिहायला हवं होतं, असं माझे मिस्टर पण म्हणाले, काल जेवताना, मागितलं नसताना. बरं, टाकते एक ओळ. गादीवाफा, नऊ इंच. पण हे सांगायला एक साधा प्रश्न पुरला असता, 'ताई, पावसात कंदांचं काय करता?' एवढाच, मी दोन पानं लिहिली असती आनंदानं. तुम्ही मातीतला माणूस ना, मग मातीतली माणसं असं तोंडावर टाकून बोलतात का? बाबांच्या गुलछडीला एकदा हारवाल्यानं शिळी म्हटलं होतं, बाबांनी गड्डी उघडून त्याच्या हातात दिली, बास, एक शब्द नाही.

तर मार्चमध्ये मी निशिगंधाचा वाफा उकरणार आहे, तीन वर्षं झाली त्याला, आता फुलं बारीक येतायत. कंद सावलीत महिनाभर सुकवून वाटून टाकणार, दोनशेच्या वर निघतील. हवे असतील तर इथंच खाली लिहा, ठिकाण कळवते. पिशवी तुमची आणा. खुरपं पण आणा, दोन्ही टोकांकडनं उकरायला सुरुवात करू, पश्चिमेकडचं टोक तुमचं, तिकडं माती जरा घट्ट आहे.