‘आम्ही’ नको, ‘मी’ सांगा
मुलाखतीत अनुभव सांगताना प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम हा क्रम ठेवा, असं लेखात म्हटलंय. ते बरोबर आहे, पण आपली पोरं कृतीपाशीच अडखळतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) काम केलेला मुलगा सांगतो, "कास्टिंगला ब्लोहोल येत होते, आम्ही ते कमी केले." (ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या भागात वायूमुळे पडणारी छिद्रं.) अहो, पण तू काय केलंस? साच्याच्या वाळूतला ओलावा तपासलास, दर पाळीला नोंद ठेवलीस, साचा बनवणाऱ्या मोल्डरशी बोललास, हे सांग की! आधीचं आणि नंतरचं रिजेक्शन (बाद झालेला माल) किती, तेही सांग. आकडा मात्र खराच हवा, पुढचा प्रश्न त्यावरच येतो.
नोकरीचा अनुभव नसेल तर गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा हिशेब सांभाळल्याचा प्रसंगही चालतो (भांडणं मिटवली असतील तर उत्तमच). खानापूर, निपाणीकडची मुलं असलं काही सांगायला उगाच लाजतात.