'गाडी चाललीच नाही, तरी ऑइल बदललं': गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: गाडी वर्षात जेमतेम 4,000 किमी चालली असताना आम्ही इंजिन ऑइल बदलून बिल वाढवलं, टायरमध्ये सांगितल्यापेक्षा कमी हवा भरली, आणि इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुऊन काढणं) मागूनही केलं नाही. 'नवीन गाडी बघून कापलं' असंही लिहिलंय. कापायचंच असतं तर फ्लशिंगला नाही कशाला म्हटलं असतं?

आधी ऑइल. तुमच्या मॅन्युअलमध्ये '10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलंय. बहुतेक लोक किलोमीटर वाचतात आणि वर्ष सोडून देतात. तुमच्या गाडीचं वर्ष आधी भरलं. वॉरंटीतल्या गाडीची सर्व्हिस मुदतीत झाली नाही, तर उद्या इंजिनचा क्लेम करताना कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते.

शिवाय गाडी कमी चालली म्हणजे ऑइलला आराम मिळाला, असं नसतं. तुमचं रनिंग दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचं आहे, हे तुम्हीच सांगितलंत. एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही. थंड इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. लांब पल्ल्यावर ऑइल तापलं की हे बरंचसं उडून जातं, छोट्या फेऱ्यांत मात्र साचत राहतं. ऑइलचं झाकण उघडून आतला पांढरट, सायीसारखा थर तुम्हाला दाखवला होता, तो याचाच. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळीही तेव्हाच बघितली. ती बरोबर होती, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट गळल्याचं लक्षण नव्हतं. 'डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छ दिसत होतं' हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण रंगावर जाऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, तरी काम देत असतं.

आता हवा. तुम्ही सांगितलेला 51 पीएसआयचा (हवेच्या दाबाचा) आकडा टायरच्या कडेला छापलेला आहे. ती टायरची कमाल मर्यादा. गाडीला किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि तिथे 33 लिहिलंय. आम्ही 33 भरली. गाडी आली तेव्हा चारही टायरमध्ये 50 च्या आसपास हवा होती, आणि 'खड्ड्यात गाडी फार आदळते' ही तक्रार जॉबकार्डवर तुम्हीच लिहून घ्यायला लावली होती! सस्पेन्शन ठीक आहे, आदळत होती ती या हवेमुळे. जास्त हवेने टायर मधोमध लवकर झिजतो आणि रस्त्यावरची पकडही कमी होते. आता स्टिअरिंग किंचित जड वाटेल, ते वाटू द्या.

फ्लशिंग तुमच्या गाडीच्या सर्व्हिस वेळापत्रकात नाही. वर्षभराच्या इंजिनात धुऊन काढण्यासारखं काही नसतं. कोणी कितीही आग्रह केला तरी हे काम आम्ही करत नाही. एअर फिल्टर झटकून परत बसवला, तोही बदलला नाही. बिलात बघा.

पुढचं मोठं काम ब्रेक ऑइलचं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, रनिंग कितीही असो. तोवर महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं, वरून ओतू नका. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली, तर बॅटरीही चार्ज राहील.

हवेबद्दल अजून शंका असेल तर सकाळी लवकर या. गाडी थोडीशी चालली तरी टायर तापून आकडा चढतो, म्हणून पोचल्यावर टायर थंड होऊ देऊ आणि मग तुमच्यासमोर मोजू. येताना मॅन्युअल आणा.