समावेशक संगीत नाटकाच्या ऑडिशनविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

महाविद्यालयीन मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी मिळून जे संगीत नाटक बसवणार आहेत, त्याच्या ऑडिशनला जाऊन मुलांनी वेळ वाया घालवू नये, असे त्याचे सांगणे आहे. त्यासाठी सहा कारणे दिली आहेत. अशा नाटकात पाच टक्के भूमिका कायद्यानेच राखीव असतात, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दाखवले की भूमिका मिळते आणि ऑडिशन नावापुरती असते. ऐकू न येणाऱ्याचे संगीत नाटकात काही काम नाही. अंध आणि व्हीलचेअरवरची मुले रंगमंचावरून पडतात. नाटकाचा दर्जा घसरतो. हे सारे परदेशी खूळ आहे. आणि निवड झाली नाही तर ही मुले खचतात, म्हणून आईवडिलांनीच त्यांना घरी थांबवावे. संदेशाखाली कोणाचे नाव नाही आणि आधारही नाही. तरीही तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. तिची दृष्टी अधू आहे, गळा तयार आहे आणि ती पेटीच्या काळी चार या पट्टीत मोकळी गाते. तिने मला विचारले, “मामा, माझी निवड झाली तरी लोक प्रमाणपत्रामुळेच झाली असे म्हणतील ना? मग मी नाव मागेच घेते.” एका निनावी संदेशाने एका गुणी मुलीला ऑडिशनच्या दारातूनच परत फिरवावे याचा मला संताप आला आहे, आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

सर्वाधिक नुकसान करणारा दावा पहिलाच आहे, म्हणून त्याच्याशी अधिक थांबतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३२ मध्ये पाच टक्क्यांचा उल्लेख निश्चित आहे. मात्र तो शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांमधील प्रवेशाच्या जागांविषयी आहे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लागू होतो. नाटकातील भूमिकांविषयी तेथे एक अक्षरही नाही. ज्याने हा आकडा उचलला त्याने कलम वाचले नाही, किंवा वाचूनही पुढचे सोयीस्करपणे गाळले. या विषयाशी ज्याचा खरा संबंध आहे ते कलम १६ आहे. शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, इमारत आणि परिसर त्यांना वापरता येईल असा करावा आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असे ते सांगते. वाजवी सोय म्हणजे काय, हेही कायद्यातच दिलेले आहे: संस्थेवर अवाजवी भार न टाकता केलेले आवश्यक आणि योग्य बदल. यात संधीची बरोबरी आहे आणि सोयीची हमी आहे. भूमिकेची हमी कोठेही नाही.

हा फरक प्रत्यक्ष ऑडिशनच्या खोलीत कसा दिसतो, ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण नांदेड-परभणीकडच्या महाविद्यालयीन नाटकांना मी अनेक वर्षे पेटीची साथ करतो आणि निवड करणाऱ्यांच्या शेजारी बसून हे पाहिलेले आहे. एका ठिकाणी वाचिक अभिनयासाठी, म्हणजे संवाद म्हणून दाखवण्यासाठी, सर्वांना ऐन वेळी एक पान देण्यात आले. झेरॉक्स फिकट होती, अक्षर बारीक होते आणि खोलीत एकच ट्यूबलाइट होती. कमी दिसणाऱ्या एका मुलाने ते पान डोळ्यांपासून चार बोटांवर धरले. त्याचा सगळा चेहरा कागदाआड गेला, आवाज कागदावर आपटून दबला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढची ओळ शोधताना वाक्य तुटू लागले. त्याच्या नावापुढे ‘वाचिक कच्चे, हावभाव नाहीत’ असा शेरा पडला. नंतर गाण्याची वेळ आली, तेव्हा त्याच मुलाने मुखडा आणि एक अंतरा असा म्हटला की तबलजीने मान वर करून पाहिले; शब्द स्वच्छ, सम अचूक आणि चेहऱ्यावर पदाचा अर्थ स्पष्ट. शेरा मात्र बदलला नाही. त्या पहिल्या पाच मिनिटांत परीक्षा झाली ती झेरॉक्सची. तोच उतारा त्याला दोन दिवस आधी मोठ्या टाइपात, किंवा कोणीतरी वाचून केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या रूपाने मिळाला असता, तर परीक्षा त्याच्या अभिनयाची झाली असती, आणि मग तो अभिनय कच्चा ठरला असता तर ते मान्य करायला मी पहिला असतो.

समावेशक ऑडिशनमध्ये जे बदलते ते एवढेच. अंध विद्यार्थ्याला उतारा ब्रेलमध्ये किंवा ऐकण्यासाठी आधी मिळतो. कर्णबधिर विद्यार्थ्याचे नाव नुसते दारातून पुकारत नाहीत, त्याला हाताने खूण करून बोलावतात. जिना चढता न येणाऱ्यासाठी चाचणी तळमजल्यावर ठेवतात. गोंगाटाने ज्याचे चित्त विस्कटते अशा स्वमग्न मुलाला शांत खोली आणि थोडा जास्त वेळ देतात. परीक्षकाच्या कागदावरचे रकाने मात्र सर्वांना सारखेच असतात: स्वर, लय, शब्दोच्चार, भाव, समोरच्या नटाला दिलेला प्रतिसाद आणि दिग्दर्शकाने एकदा सुचवलेला बदल दुसऱ्या वेळी दाखवता येतो की नाही. या शेवटच्या रकान्यावर अनेक निवडी ठरतात, आणि त्याचा डोळ्यांशी, कानांशी किंवा पायांशी काही संबंध नाही. यातून निवडल्या गेलेल्या मुलीला ‘प्रमाणपत्रावर आलेली’ म्हणणे म्हणजे तिच्या रियाजाची वर्षे एका वाक्यात पुसून टाकणे आहे. संदेश लिहिणाऱ्याने नेमके तेच केले आहे, आणि तेही तिचे गाणे न ऐकता.

या दाव्यात एक अर्धसत्य आहे, ते मी नाइलाजाने मान्य करतो. काही आयोजक समावेशक या नावाखाली खरोखरच ऑडिशन घेत नाहीत. दिव्यांग मुलांना शेवटच्या ओळीत उभे करतात, एका ओळीचे समूहगान देतात, प्रयोगानंतर शाल-श्रीफळ देऊन छायाचित्रे काढतात आणि बातमी छापून आणतात. असे कार्यक्रम मी पाहिले आहेत आणि त्यांची मला चीड आहे. परंतु हा दोष ऑडिशन टाळण्याचा आहे. त्यावर उपाय ऑडिशन नीट घेणे हाच असू शकतो. मुलांनी ऑडिशनला जाऊच नये, असा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

दुसरा दावा कर्णबधिरांविषयीचा आहे, आणि तो अज्ञानातून आलेला आहे. ऐकू न येण्याचे अनेक स्तर असतात; श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवण-उपकरण) वापरणारी कितीतरी मुले बोलतात आणि गातातही. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांनाही लय कंपनांतून कळू शकते. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांना लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नाही; त्या अनवाणी वाजवतात, कारण कंपने पायांतून कळतात. आपल्याकडे संबळ किंवा ढोलकीशेजारी लाकडी फळीवर उभे राहून पाहावे, ठेका तळपायाला लागतो. सिमेंटच्या रंगमंचावर तो फारसा लागत नाही, एवढी अडचण मात्र खरी आहे. गाण्याचा प्रश्नही सुटलेला आहे. लॉस एंजेलिसमधील डेफ वेस्ट थिएटर ही नाट्यसंस्था १९९१ पासून काम करते. तिचे संगीत नाटक २०१५ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रमुख व्यावसायिक रंगभूमीवर, गेले, तेव्हा कर्णबधिर नट सांकेतिक भाषेतून भूमिका करत होते आणि त्यांच्यासोबतचे ऐकू येणारे कलाकार त्यांचा आवाज होऊन गात होते. असे काम करायचे तर भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी पहिल्या दिवसापासून लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तो सहज मिळत नाही, हे मी जाणतो. पण कर्णबधिर विद्यालयांतील शिक्षकांना वेळेवर विचारले तर मदत मिळू शकते. शिवाय आपल्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत मूकाभिनय हा स्पर्धेचा प्रकार आहेच. शब्दाविना प्रसंग उभा करणे ही कला आहे असे जे परीक्षक तेथे मानतात, त्यांनी संगीत नाटकाच्या खोलीत ते विसरण्याचे कारण नाही.

पडण्याच्या भीतीविषयी. ही भीती आईवडिलांना खरोखर वाटते, म्हणून तिची टर उडवणार नाही. अंधाऱ्या विंगेत वायरीला अडखळून पडणारे नट मी पाहिले आहेत आणि त्या सर्वांना उत्तम दिसत होते. अंध नटासाठी रंगमंचाच्या कडेपासून दोन-तीन फूट आत जाजमाखाली जाड काथ्याची दोरी आडवी ठोकून घेतात. पायाला उंचवटा लागला की पुढे जायचे नाही, हे पहिल्या तालमीतच अंगवळणी पडते. पेटी आणि तबला एकाच बाजूला कायम ठेवले की आवाजावरून दिशा कळते. पावले मोजून ठरवलेली हालचाल अंध नट डोळस नटापेक्षा काटेकोर पाळतो, असा माझा अनुभव आहे. महाराष्ट्रात स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन पूर्ण लांबीची नाटके बसवली आहेत, तेव्हा हे शक्य आहे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. व्हीलचेअरची अडचण वेगळी आणि अधिक अवघड आहे. सुरक्षित उतारासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. म्हणजे तीन फूट उंच रंगमंचाला छत्तीस फुटांचा उतार हवा, आणि तेवढी जागा महाविद्यालयाच्या सभागृहात बहुधा नसते. अशा वेळी प्रयोग सभागृहाच्या जमिनीवर, प्रेक्षकांना तिन्ही बाजूंना बसवून करता येतो; आपली लोकनाट्ये असेच करत आली आहेत. हा निर्णय ऑडिशनच्या आधी व्हायला हवा, भूमिका ठरल्यानंतर नव्हे.

दर्जा घसरण्याच्या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही. अली स्ट्रोकर या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीला २०१९ मध्ये ब्रॉडवेवरील संगीत नाटकातील भूमिकेसाठी टोनी हा तिथल्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो सहानुभूतीचा पुरस्कार नाही. ‘नायिका खुर्चीवर बसून गाते हे प्रेक्षकांना खरे वाटणार नाही’ असेही संदेशात म्हटले आहे. नारायणराव राजहंस यांना स्त्रीवेशात पाहून ज्या महाराष्ट्राने त्यांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतले, त्या महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला संगीत नाटकातले खरे आणि खोटे शिकवू नये. मराठी संगीत नाटकाचा प्रेक्षक १८८० पासून संकेत मानत आला आहे. पात्र बोलता बोलता गाऊ लागते, हे त्याने मानलेच ना?

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांनी पैठणकडे पाहावे. सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी जी भारुडे रचली त्यांत आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा ही पात्रे बोलती केली आहेत, आणि ती साथीवर गाऊन, अभिनय करून सादर होतात. येथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या रचनांत अंधत्व किंवा बहिरेपण हे अज्ञानाचे रूपक आहे, आणि भारुडातला आंधळा आजवर बहुतेक वेळा डोळस माणसानेच रंगवला आहे. म्हणूनच आजच्या समावेशक नाटकाने जे नवे आणले ते महत्त्वाचे आहे: ज्याच्याविषयी आपण चारशे वर्षे गात आलो, तो आता स्वतः येऊन गाणार आहे. त्याला दारात अडवण्यासाठी परंपरेचा दाखला देणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

राहिले मुले खचण्याचे. निवड न झाल्याचे वाईट प्रत्येकाला वाटते. खरे खचवते ते न निवडण्याचे कारण न कळणे, आणि आपल्याला तोलूनच पाहिले नाही, ही शंका. ऑडिशन घेणाऱ्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला, दिव्यांग असो वा नसो, दोन नेमकी वाक्ये सांगावीत: तार सप्तकात स्वर उतरतो आहे, किंवा लय घाईत जाते आहे, किंवा आवाज चांगला आहे पण या पात्राचे वय त्यात येत नाही. असे उत्तर घेऊन परत गेलेला मुलगा पुढच्या वर्षी तयारी करून येतो. घरीच थांबवलेल्या मुलाला हे उत्तरही मिळत नाही, आणि आईवडिलांनी मायेपोटी घेतलेला निर्णय त्याच्या मनात ‘मला जमणारच नव्हते’ असा कायमचा बसतो.

ज्यांना अशा ऑडिशनला जायचे आहे त्यांनी नाव देतानाच आपल्याला काय लागते ते लेखी कळवावे: उतारा मोठ्या टाइपात, ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित हवा आहे का, दुभाषी लागेल का, खोली कोणत्या मजल्यावर आहे, सोबत कोणाला आणता येईल का. पदाची पट्टी आधी कळवली तर पेटीवाल्यालाही सोपे जाते. आयोजकांनी ही विचारणा अर्जाच्या पहिल्याच पानावर छापावी आणि ती सर्वांसाठी ठेवावी, म्हणजे कोणाला वेगळे उभे राहून मागावे लागणार नाही. माझ्या भाचीने उतारा मोठ्या टाइपात मागितला आहे आणि तिचे नाव यादीत कायम आहे.