विक्रांत भंगारात गेली, मग मिडवे कशी वाचली?

दर वर्षी 4 डिसेंबरला, नौदल दिनी, आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या विक्रांतचा, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचा, फोटो येतो आणि त्याखाली वाद पेटतो. साठेक कोटींना भंगारात काढली, तिच्या पोलादाच्या मोटरसायकली निघाल्या, आपल्याला इतिहासाची किंमतच नाही, वगैरे. मग कोणीतरी मला मध्ये ओढतं. मी सॅन डिएगोत राहतो आणि इथल्या धक्क्याला यूएसएस मिडवे ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. ‘तिकडे बघा कसं जपतात’ याची साक्ष मी द्यावी अशी अपेक्षा असते.

ही साक्ष द्यायला मी हल्ली कां कू करतो. मिडवे दिमाखदार आहे यात शंका नाही. पण ती सेवेत आली 10 सप्टेंबर 1945 ला, जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्यानंतर आठवड्याने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसाठी सर्वांत जास्त झुंजली ती एंटरप्राइज ही विमानवाहू नौका. 1942 मध्ये मिडवे बेटाजवळ जपानच्या विमानवाहू नौका बुडाल्या, त्यात तिच्या विमानांचा सिंहाचा वाटा होता. लढायांतल्या सहभागासाठी मिळणारे 20 बॅटल स्टार तिच्या नावावर आहेत. ही नौका 1958 मध्ये भंगारवाल्याला विकली गेली. ॲडमिरल हॅल्सींनी तिच्यासाठी खटपट केली, तिच्यावरच्या जुन्या नौसैनिकांनी वर्गणी काढली, पण पुरेसा पैसा उभा राहिला नाही. न्यू जर्सीत तिचे तुकडे झाले. तिची घंटा, मागच्या बाजूची नावाची पाटी असे थोडेसे अवशेष राहिले. जिंकलेलं महायुद्ध आणि खिशात पैसा असलेला देश, तरी ही गत. तेव्हा ‘आपले लोकच असे’ हे दुखणं फक्त आपलं नाही.

विक्रांतचं जाणं मला लागतं, ते 1971 मुळे. 1965 च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत अडकली होती, म्हणून 1971 मध्ये तिच्यावरच्या लोकांना स्वतःला सिद्ध करायचं होतं. आणि नेमका चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. विमानवाहू नौकेवर बॉयलर दुखावला की वेग तर कमी होतोच, पण विमानाला डेकवरून भिरकावणारं कॅटपल्टही वाफेवरच चालतं. शिवाय विमान उडताना नौकेला वाऱ्याकडे तोंड करून जोरात धावावं लागतं, तेव्हा कुठे पंखांना पुरेसा वारा मिळतो. वारा पडलेला आणि वेग तोकडा असेल, तर प्रत्येक उड्डाण म्हणजे जिवाशी खेळ. अशी नौका युद्धात न्यावी की नाही यावर खल झाला आणि शेवटी ती बंगालच्या उपसागरात उतरवली गेली.

तिला गाठण्यासाठी पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी पाठवली. गाझी मूळची अमेरिकेची, डायाब्लो नावाची, हे इथल्या मित्रांना सांगितलं की त्यांच्या भुवया वर जातात. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानात दडवलं आणि आयएनएस राजपूत ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमजवळ ‘मीच विक्रांत’ म्हणून मिरवत ठेवली. गाझी तिथेच, 3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बुडाली. 4 तारखेला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, मग चितगाववर. समुद्रमार्गे निसटायची पाकिस्तानी सैन्याची वाट बंद झाली. युद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी दबावासाठी याच उपसागराकडे जी अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका धाडली, तिचंही नाव एंटरप्राइज; भंगारात गेलेल्या त्या नौकेचंच नाव पुढे चालवलेलं. विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं आली.

ही नौका 1997 मध्ये निवृत्त झाली आणि 2014 मध्ये तोडायला काढली. मधली 17 वर्षं ती मुंबईत नौदलाच्या हद्दीत उभी होती. सामान्य माणसाला ठरावीक दिवसांतच आत सोडत. 2012 मध्ये ती धोकादायक ठरवून तेही बंद झालं. खाऱ्या पाण्यात उभं जहाज म्हणजे पावसात कायमचं बाहेर ठेवलेलं लोखंडी कपाट. रंगरंगोटी थांबली की संपलं. न्यायालयात धाव घेतली गेली तोवर गंजाने आपला निकाल दिलेला होता.

मिडवेलाही 12 वर्षं लागली, हे ग्रुपवर कोणाला ठाऊक नसतं. ती 1992 मध्ये निवृत्त झाली, त्याच वर्षी सॅन डिएगोतल्या काही नागरिकांनी संस्था काढली आणि परवान्यांमागे लागले. 2004 मध्ये दारं उघडली. तिकिटांवर आणि देणग्यांवर ती चालते, आणि ती शहराच्या ऐन धक्क्यावर आहे, कोणीही चालत जाऊ शकतो. माझ्या मते निम्मं यश त्या जागेचं आहे.

विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी हेच सांगते. 1971 च्या युद्धातली ती पाणबुडी पाण्याबाहेर काढून समुद्रकिनाऱ्यावर ठेवली आहे. 2002 पासून लोक तिकीट काढून आत जाताहेत. म्हणजे आपल्याकडे जमतं. महाराष्ट्राने मात्र विराट या आपल्या दुसऱ्या निवृत्त विमानवाहू नौकेसाठी 2018 मध्ये सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ 852 कोटींचा बेत मंजूर केला, खासगी भागीदाराच्या भरवशावर. कागदावर तो भव्य होता. दोन वर्षांत विराट गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे गेली. एवढा मोठा आकडा बघूनच मला शंका आली होती, खरं सांगायचं तर.

मिडवेवर मला सर्वांत आवडतात ते तिथले स्वयंसेवक. बरेचसे माजी सैनिक, सत्तरी-ऐंशीतले. इंजिन रूममध्ये उभं राहून व्हॉल्व्हवर हात ठेवून सांगतात की इथे घामाने कशी आंघोळ व्हायची. पराक्रमच सांगतात असं नाही. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडताना एक व्हिएतनामी मेजर बायको आणि पाच मुलांसह छोट्या विमानातून आला. त्याला उतरायला जागा हवी म्हणून कॅप्टन चेंबर्स यांनी डेकवरची हेलिकॉप्टर्स समुद्रात ढकलायला लावली. पराभवाच्या दिवसातली ही गोष्ट ते तितक्याच आपुलकीने सांगतात.

विक्रांत आता परत येणार नाही. पण तिच्यावर 1971 मध्ये विशीत असलेली पोरं आज सत्तरी उलटून गेली आहेत, आणि आपल्याकडे कोकणात, साताऱ्याकडे निवृत्त नौसैनिक गावोगावी आहेत. तडा गेलेल्या बॉयलरशेजारी ड्यूटी कशी केली, वाऱ्याची वाट बघत डेकवर किती वेळ ताटकळलो, हे त्यांना मोबाइल समोर ठेवून विचारता येईल. ग्रुपवरच्या दोघांचे काका नौदलात होते. या डिसेंबरच्या आधी मी त्यांना फोन करणार आहे.