अननसाची चूक माझी, चिखलाची दोघींची

ताई, तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि दोन दिवस मुद्दामच उत्तर दिलं नाही. खरं सांगते, राग आला होता. मग गुरुवारी इथल्या, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून एक अननस आणला, तुम्ही केलंत अगदी तसंच करून बघितलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी माझी आंबा-अननसाच्या थरांच्या गार पुडिंगची कृती बघून सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला पंचवीस माणसांसाठी दोन मोठे ट्रे केले. जेली जमली नाही, अननसाजवळचं क्रीम कडू लागलं आणि तळाच्या बिस्किटांचा चिखल झाला. ‘दहा मिनिटांत होतं म्हणून लिहिलंय, माझी अख्खी दुपार गेली. एवढा कुटाणा करण्यापेक्षा श्रीखंड आणलं असतं तर पाव्हण्यांसमोर मान तरी खाली गेली नसती,’ असं त्या म्हणतात. शिवाय ‘न शिजवता करायचं गोड म्हणजे आळशी बायकांचे चोचले’ असंही एक वाक्य आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी अननस. इथे चूक शंभर टक्के माझी. मी त्या दिवशी डब्यातला अननस वापरला होता आणि लिहिताना नुसतं ‘अननसाच्या फोडी’ असं लिहून मोकळी झाले. तुम्ही ताजा आणलात. कुणीही आणला असता, तोच चांगला म्हणून. पण कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. जास्त अननस खाल्ला की जीभ चरचरते, त्यातही त्याचा हात असतो. जिलेटिन म्हणजे निव्वळ प्रथिन, त्यामुळे कच्च्या अननसाच्या संगतीत ते जमणारच नाही, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर दोन रात्री. दुधा-दह्यातल्या प्रथिनांचेही ते तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. तुमचं क्रीम शिळं नव्हतं, ताई. डबाबंद करताना अननस तापवलेला असतो, उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून माझं जमलं. किवी आणि पपईतही असलीच एन्झाइमं असतात, तेव्हा त्यांच्याशीही जपून.

गुरुवारी मी तीन वाट्या लावल्या. एकीत कच्चा अननस, एकीत साखरेत शिजवलेला, एकीत डब्यातला. तिन्हींवर एकाच चक्क्याचा थर. दोन तासांनी पहिल्या वाटीतला चक्का पातळ झाला होता आणि चाखल्यावर आमच्या धाकट्याने जे तोंड केलं त्यावरून तुमच्या पंचाहत्तरीतलं दृश्य डोळ्यांसमोर आलं. दुसरी आणि तिसरी वाटी मात्र खणखणीत. आणि चव म्हणाल तर शिजवलेला ताजा अननस डब्यातल्यापेक्षा कितीतरी उजवा.

तेव्हा कृतीत बदल केला आहे तो असा: बारीक फोडी, वाटीला दोन चमचे साखर, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजवायचं, गार करून चाळणीत निथळत ठेवायचं. खाली जमलेला पाक टाकायचा नाही, तो बिस्किटांना लागतो. ‘मग न शिजवता कुठे राहिलं?’ असं विचाराल. बरोबर आहे. शीर्षकात आता ‘ओव्हनशिवाय’ असं केलं आहे.

जेलीचं दुसरं दुखणंही माझ्याच लिहिण्यातलं. ‘जिलेटिन किंवा चायना ग्रास’ असं मी एका ओळीत लिहिलं, जणू काही एकाच्या जागी दुसरं सहज चालतं. दोघांचं कूळच वेगळं. जिलेटिन जनावरांची हाडं-कातडी यांपासून, चायना ग्रास समुद्री शेवाळापासून. चायना ग्रासमध्ये तोडायला प्रथिनच नाही, त्यामुळे अननस त्याचं काही बिघडवू शकत नाही. त्याहून मोठी गोष्ट उन्हाळ्याची. जिलेटिन साधारण 30 ते 35 अंशांना विरघळायला लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे मांडवात दुपारी तेवढं असतंच. चायना ग्रास एकदा जमलं की 85 अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. शिवाय पंचवीस माणसांत कुणीतरी माळकरी असतंच, त्यांना विचारत बसायला नको. 10 ग्रॅम चायना ग्रासला साधारण लिटरभर द्रव पुरतो. मात्र ते आधी साध्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळू द्यायचं आणि फळाचा रस नंतर मिसळायचा. आंबट रसातच उकळलं तर पकड ढिली पडते. त्याचा एक दोषही सांगून ठेवते: फार वेळ ठेवलं तर त्याला पाणी सुटतं. म्हणून जेलीचा थर सगळ्यात वर. तळाशी नको.

आता चिखल. इथे मात्र निम्मी वाटणी तुमची.

तुम्ही लिहिलंय की बिस्किटं दुधात ‘भिजत घातली’. मी लिहिलं होतं ‘बुडवून काढा’. बुडवून काढा म्हणजे एक बाजू, दुसरी बाजू, बाहेर. मारी बिस्कीट भिजत घातलं की त्याची लापशी होणार, त्यात कृतीचा काय दोष? आंबाही पायरी घेतलात. पायरी आमरसाला राजा, मी आमरस हापूसचा करतच नाही, पण थरात तिचा रस सगळीकडे पळतो. थराला घट्ट गराचा हापूसच हवा, तोही जरा कडकच असताना. आणि फोडींना सकाळीच साखर लावून ठेवलीत. साखर फळातलं पाणी ओढून घेते. लिंबाच्या लोणच्याला मीठ लावून ठेवतो तेव्हा काय होतं? तेच.

माझी वाटणी क्रीमची. ‘क्रीम फेटा’ एवढंच लिहिलं. बाजारात खोक्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि फेटून उभं राहायला किमान 30 तरी लागतो. तुम्ही अर्धा तास फेटलंत, हात मोडून आले असतील. केकवाले वापरतात ते क्रीम बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं. ते उभं राहतं झकास, पण टाळूला चिकटून बसतं. मला नाही आवडत.

खरं तर क्रीमच्या नादाला लागायलाच नको होतं, हे मला तुमच्या श्रीखंडाच्या टोमण्यावरून सुचलं. ज्या गावात गंगावेशीत म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, त्या गावात मी खोक्यातलं क्रीम कशाला सांगत बसले? म्हशीच्या दुधाचं दही, रात्रभर पंचात टांगलेलं. पंचवीस माणसांना अडीच लिटर दुधाचं दही लावलं तर साधारण किलोभर चक्का निघतो. त्यात 400 ग्रॅमपेक्षा जास्त पिठीसाखर नको. श्रीखंडाला घालतो तेवढी घातली तर तोही सैल पडतो, आणि खाली गोड बिस्कीट, वर गोड आंबा आहेच. चक्का चाळणीवर घासून घ्या, वेलदोडा घालू नका. घातलात की ते आम्रखंड झालं, आणि मग लोक पुरी शोधतात.

थर लावताना: बिस्किटं अननसाच्या पाकात बुडवून काढून तळाला, त्यावर चक्का, मग निथळलेला अननस, पुन्हा चक्का, मग कापडाने टिपलेल्या हापूसच्या फोडी आणि वरून जेमतेम कोमट झालेलं चायना ग्रास, पळीच्या पाठीवरून हळू ओतायचं. सहा तास फ्रिज.

‘दहा मिनिटांत’ हे मी नुसते थर लावायचे धरून लिहिलं होतं. तो शब्द मागे घेते. चक्का टांगणं, अननस शिजवणं, आंबे चिरणं धरून हाताचं काम पाऊण तासाचं आहे, आणि बाकी रात्रभर वाट बघणं.

वळिवाचं मात्र कुणाच्याच हातात नाही. तुमच्याकडे त्या दिवशी संध्याकाळी तीन तास लाईट नव्हती, हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय. अशा वेळी फ्रिजचं दार उघडून ‘जमलं का’ बघायचं नाही. बंद ठेवलं तर चारेक तास गारवा टिकतो. बाहेर मांडायचं तर मोठ्या परातीत बर्फ आणि खडेमीठ घालून त्यावर ट्रे ठेवायचा, पॉट आईस्क्रीमवाल्यांची जुनी युक्ती. तरी उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त नको.

राहिले आळशी बायकांचे चोचले. श्रीखंड विकत आणलं तरी पंचवीस माणसांच्या पुऱ्या कोण तळतं, ताई? मे महिन्यात, पत्र्याच्या स्वयंपाकघरात, बाराच्या उन्हात? माझ्या आईने तळल्या आहेत. फोटोंमध्ये ती कुठल्याच पंगतीत नाही. हे पुडिंग आदल्या रात्री होतं आणि दुसऱ्या दिवशी करणारी बाई साडी नेसून बाहेर बसू शकते, एवढ्यासाठीच ते मला आवडतं. आळस म्हणायचं तर म्हणा. आणि थर म्हणजे परदेशी थेरं, असंही समजू नका. आपल्याकडे आईस्क्रीमच्या दुकानात उंच ग्लासात फळं, जेली, आईस्क्रीम एकावर एक रचून ‘कॉकटेल’ म्हणून देतात, ते आपण कॉलेजात असल्यापासून खातोय. त्याला कुणी चोचले म्हणालं नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न: अर्धा ट्रे उरलाय, त्याचं काय करू? कडूपणा साखरेने जात नाही, मिल्कशेकमध्येही लपत नाही, मी गुरुवारी दोन्ही करून बघितलं. आणि आता त्याला पाच दिवस झाले. टाकून द्या, आणि ट्रे घासून वाळवून ठेवा. धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाला पुन्हा करणार असाल तर आदल्या दिवशी मला लिहा. आंबा संपला असेल तोवर, पण राधानगरीकडची जांभळं आलेली असतील. ती चक्क्यावर फार सुरेख लागतात. फक्त बिया काढायला कुणालातरी आधीच पकडून ठेवा.